फोटोच्या आतलं नाव

६ जानेवारी

मोडलं. सोलापूरचं पण मोडलं!

सकाळी मुलाच्या आईचा फोन. आवाज साखरेत घोळलेला — "आमच्या मनात काही नाही हो, पण घरातली मोठी माणसं..." मोठी माणसं! हीच मोठी माणसं परवा माझ्या हातचे धपाटे आणि शेंगाची चटणी चाटूनपुसून खाऊन गेली. सुपारी कधी फोडायची ते बोलत बोलत गाडीत बसली. मी म्हटलं, बाई, खरं काय ते सांगा. तर हळूच म्हणाली, "एक फोटो आलाय."

तोच फोटो. मागच्या सालच्या येळवशीचा, वेळ अमावस्येचा. शेतात पूजेला उभारलेली कडब्याची कोप, कोपीपुढं माझी अर्पिता आंबील वाढतीय, बाह्या वर सारलेल्या, आणि डाव्या कोपराखाली तो पांढरा डाग अगदी उन्हात. वाशीच्या पाहुण्यांना दिवाळीनंतर हाच गेला होता. खाली तीच ओळ — 'मुलीचा हात नीट बघून घ्या.' नंबर अनोळखी. लावला तर बंद.

कोड लागट नसतं हे मलाही कळतं. अर्पिता स्वतः दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे, तिला तर डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. पण लोकांना कोण समजावणार? सुपारी फुटली, चार माणसांत शब्द झाला, की मग सांगायचं असं मी ठरवलं होतं. तोवर लांब बाह्या. मी शिवणारी बाई. माझ्या पोरीच्या बाह्या मनगटापर्यंत कशा शोभून दिसतील ते माझ्याइतकं उमरग्यात कुणाला येत नाही.

आत्याबाई धाकट्या दिराकडं राहतात, पण बातमी कळताच हजर. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण म्हणतेत ते हेच की गं!" सासू आहे म्हणून गप्प बसले. दुसरं कुणी असतं तर कात्रीच दाखवली असती.

हा फोटो घरच्या ग्रुपवरचा. बाहेर कुणाकडं जायचं कारण नाही. म्हणजे काडी घरातलीच! आई भवानीच्यान, नाव कळू दे फक्त. दोन्ही पाय धरले तरी सोडणार नाही.

७ जानेवारी

अर्पिता जेवताना म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं होतं." मी म्हटलं आधी ते मापाचं ब्लाऊज घालून बघ, बाही दंडात घट्ट होतीय का ते. गेली घालायला. मग ते राहूनच गेलं.

९ जानेवारी

संशय तिघांवर.

एक — जाऊबाई राजेश्वरी. धाकटी असून सगळ्यात पुढं. तिच्या कृष्णराजला मुली बघणं चालू आहे. आधी माझ्या पोरीचं जमलं तर हिच्या पोराची मिरवणूक फिकी पडंल ना! वरून किती गोड — "ताई, आमच्या अर्पितासारखी पोरगी दिवा लावून हुडकली तरी मिळायची न्हाय." दिवा लावून तूच घर पेटवत असशील.

दोन — आत्याबाई. त्यांना वाईट बुद्धी आहे असं नाही म्हणत. पण टच फोन हातात आल्यापासून जे दिसंल ते जगाला पाठवायचं. देवाचा फोटो, मेलेल्या माणसाचा फोटो, सगळं एकाच बोटानं.

तीन — सिद्रामप्पा. मध्यस्थ. दोन्ही स्थळं त्यांनीच आणली. येळवशीला पंगतीत होते, तेव्हापासून घरच्या ग्रुपवर पण आहेत. ह्यांचा पिंड असा की इकडचं मोडलं तर तिकडचं जमवता येतं. दोन्हीकडचा आहेर!

ह्यांना — म्हणजे अर्पिताच्या पप्पांना — सांगितलं. तर "जाऊ दे की, नशिबात असंल ते हुईल." चाळीस टनाचा ट्रक अडकला तर रात्रभर फोन करतील, पोरीचं अडकलं तर नशीब!

१० जानेवारी

पण ह्यांच्याच तोंडून एक कामाचं निघालं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ड्रायव्हर माल उतरवल्याचा फोटो मेलनं पाठवतात. मालक तो फोटो उघडून आतली माहिती बघतो — कधी काढला, कुठं काढला. "हैदराबादला हाय म्हणतंय आन् फोटो जळकोटच्या धाब्यावरचा!" म्हणून हसत होते.

मी हसले नाही. फोटोच्या आत पण लिहिलेलं असतं? वरून दिसत नाही आणि आत असतं?

लगेच सोलापूरवालीकडून तो फोटो मागून घेतला. उघडला. आत काहीच नाही. तारीख नाही, फोन नाही, जागा नाही. पुसून काढलेल्या परातीसारखा.

१२ जानेवारी

दिवसभर मशीनवर बसून एकच विचार. शेवटी सुचलं!

आतलं पुसलेलं असतं तर मीच आत लिहिते. अर्पिताचा नवा फोटो काढायचा, तिच्याच फोनवर, तो साफ येतो. डाग दिसंल असा. त्याच्या तीन प्रती. प्रत्येकीच्या पोटात वेगळा शब्द. जावेच्या प्रतीत 'मिरची', आत्याबाईंच्या प्रतीत 'अडकित्ता', सिद्रामप्पांच्या प्रतीत 'तंबाखू'. एकेकाला एकेक द्यायची. मग एक खोटं स्थळ उठवायचं. त्या खोट्या स्थळाला जो फोटो जाईल तो उघडायचा, आतला शब्द वाचायचा. बस्स. चोराच्या घरात चोराचं नाव!

खोट्या स्थळासाठी गजराआक्का. माझी मावसबहीण, जळकोटला असते. तिला फोन केला. आधी "अगं बया, आसलं काय बी काय!" म्हणाली. मग सगळं ऐकून म्हणाली, "दे माझ्या नव्या नंबरावर सोडून. ह्यो नंबर तुमच्या घरात कुणाला ठाऊक न्हाय. मी हुते मुलाची आई." मूलच नाही तिला लग्नाचं, पण आवाज काय लावला बाईनं! मी पोट धरून हसले. कितीतरी दिवसांनी.

१४ जानेवारी — संक्रांत

तिळगूळ दिला. 'गोड बोला' म्हणाले. जावेलाही म्हणाले. जीभ भाजली नाही, एवढंच.

अर्पिताला मशीनवर बसवून फोटो काढला. म्हटलं गरम होतंय, बाही दुमड की. बावळी दुमडून बसली. चांगला आला फोटो. डाग पण, हसणं पण. पण दगड केला मनाचा.

१५ जानेवारी

सेव्हच होत नाही!

फोटो माझ्या फोनवर घेतला, गॅलरीत उघडला, खाली रकाना आहे — 'कॅप्शन जोडा'. जोडलं. 'मिरची'. दिसतंय मस्त. मग तोच फोटो ह्यांच्या फोनवर पाठवून उघडला तर आत कोरडं! परत लिहिलं. परत कोरडं. माझ्या फोनमध्ये मिरची, ह्यांच्या फोनमध्ये ठणठणाट.

हे म्हणाले, "काय चाललंय तुझं?" म्हटलं आल्बम करतीय.

१६ जानेवारी

अर्पितालाच विचारावं लागलं. खरं सांगितलं नाही. म्हटलं, फोटोत माणसांची नावं लिहून ठेवायची आहेत, पुढच्या पिढीला कळावं कोण कोण होतं. तिला पटलं. किंवा पटल्यासारखं केलं.

ती म्हणाली, "आई, गॅलरीत लिहिलेलं गॅलरीपुरतंच राहतं. डब्यावर चिठ्ठी चिकटवल्यासारखं. तुला डब्याच्या आत पाहिजे." आणि एक ॲप टाकून दिलं. त्यात फोटो उघडला की आतले सगळे रकाने दिसतात. काढणाऱ्याचं नाव, वर्णन, तारीख, जागा, काय काय!

लिहिलं. 'सेव्ह झाले' म्हणालं. बंद करून उघडलं — गायब! खोटारडं ॲप! आमच्या घरातल्या माणसांवर गेलंय.

१८ जानेवारी

कळलं. माझे फोटो मेमरी कार्डात साठतात, आणि कार्डात लिहायची परवानगी ॲपला दिलेलीच नाही. म्हणजे ॲप दारापर्यंत जातंय, आत कुणी घेत नाही, आणि परत येऊन सांगतंय 'देऊन आलो'. सिद्रामप्पांची आठवण झाली.

अर्पितानं फोटो कार्डातून फोनमध्ये घ्यायला लावला. आता लिहिलं. बंद. उघडलं. राहिलं!

पण काय राहिलं? '????'. चार प्रश्नचिन्हं. 'अडकित्ता' लिहिलं तर नुसती प्रश्नांची माळ! अगं बाई, मराठी काय गुन्हा आहे का?

१९ जानेवारी

अर्पिता हसून हसून लोळली. "आई, तो वरचा रकाना जुना आहे, त्याला इंग्रजीच कळतं. खाली दुसरा आहे, त्यात लिही." दुसऱ्यात लिहिलं. मराठी आली. काना, मात्रा, सगळं जागच्या जागी. तो शब्द बघून इतका आनंद झाला की पोरीच्या गालाचा पापा घेतला. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "आई, सोलापूरचं ते..."

मी म्हटलं त्या घराचं नाव काढू नकोस. ज्यानं मोडलं त्याला मी बघून घेते.

"आणि कुणी चांगल्यासाठी मोडलं असंल तर?"

चांगल्यासाठी! पोरगी भाबडी आहे लई. असल्यांनाच जग खातं.

२१ जानेवारी

सगळ्यात मोठी खोड आज सापडली. व्हॉट्सअपनं फोटो पाठवला की ते आतलं सगळं खरवडून टाकतं! मी इतके दिवस ॲपला शिव्या दिल्या त्या फुकट. म्हणून सोलापूरवालीचा फोटो कोरा होता.

इलाज पण अर्पितानंच सांगितला. फोटो म्हणून पाठवायचा नाही, फाइल म्हणून पाठवायचा — डॉक्युमेंट. मग जसाच्या तसा जातो, आणि पुढं ढकलला तरी फाइलच राहते. करून बघितलं. ह्यांच्या फोनवर उघडलं. 'मिरची'!! आतल्या आत, लाल, तिखट, कुणाला न दिसणारी.

अर्पिता माझ्या खांद्यावरून बघत होती. "आई, एकाच फोटोला तीन नावं कशाला?" म्हटलं चुकून झालं. "मिरची कुणाचं नाव आहे?" म्हटलं, ऑर्डरवाल्या बाईंचं.

२३ जानेवारी

गळ टाकला.

राजेश्वरीला फाइल. आत्याबाईंना फाइल. सिद्रामप्पांना फाइल. तिघांना एकच बोलले — जळकोटचं तालेवार स्थळ आलंय, जवळपास पक्कं आहे, फोटो कसा आलाय बघून सांगा, बारीक होऊ नये म्हणून फाइलनं पाठवलाय. मुलाच्या आईचा नंबर पण बोलता बोलता सांगून ठेवला. अर्पिता बाजूलाच हुक लावत बसली होती.

जाऊ — "ताई, लई गोड आलीया. फकस्त बाही जरा..." आणि थांबली. बाही जरा काय? बोल की! ओठावर आलेलं गिळलं तिनं. मला दिसलं फोनमधून पण.

आत्याबाई — "उघडंना गं, काय तर कागद आलाय."

सिद्रामप्पा — "आमाला न सांगताच जळकोट केलं व्हय वहिनी? बरं बरं, चालू द्या." आवाजात विस्तव होता.

आता बसायचं. कुणाचा हात पोळतो ते बघायचं.

२४ जानेवारी

गजराआक्काकडं काही नाही.

२८ जानेवारी

काही नाही. आक्का म्हणते, "मी सारखी फोन बघायलेय, चहा दोनदा उतू गेला."

१ फेब्रुवारी

कृष्णराजचं जमलं. तुळजापूरकडची मुलगी. बाप माळकरी, कांदा-लसूण बंद, घरात अंडं शिजत नाही. पुढच्या रविवारी सुपारी.

माझ्या पोरीचं दोनदा मोडून जावेच्या पोराचं एका बैठकीत जमलं! पेढे घेऊन आली जाऊ. हातात पेढा दिला, म्हणाली, "आता अर्पिताचा नंबर." नंबर! रेशनच्या रांगेत उभी केली माझ्या पोरीला.

पेढा खाल्ला नाही. गाईला घातला.

३ फेब्रुवारी

माझ्याकडं पण एक फोटो आहे. आज हुडकून काढला. दोन वर्षांपूर्वीचा, हायवेच्या धाब्यावरचा, कृष्णराजच्या वाढदिवसाचा. त्यानंच मला पाठवला होता, 'काकू बघा कसा दिसतोय' म्हणून. टेबलावर बियरची बाटली. त्याच्या हातात नाही. मित्राची असंल, पोरगं पीत नाही हे मला ठाऊक आहे. पण फोटोला काय कळतंय! माळकऱ्याला काय कळतंय!

पाठवणार नाही. ठेवलाय नुसता. आधी पुरावा येऊ दे. मिरची सापडली की मग करावं तसं भरावं.

५ फेब्रुवारी

अजून काही नाही. जाऊ हुशार आहे, आधी पोराचं उरकून घेतीय. मग माझ्याकडं वळंल.

अर्पिता आज जेवली नाही नीट. "आई, जळकोटच्यांना डाग ठाऊक आहे का?" म्हटलं योग्य वेळी सांगू. "योग्य वेळ म्हणजे मी त्यांच्या घरात गेल्यावर?" म्हटलं बाहीचा विचार मी करते, तू लॅबचा कर. ताट सारून उठली. उन्हाळ्याची चाहूल लागली की मनगटापर्यंतच्या बाह्यांचं तिला जड होतं. होऊ दे. संसार मिळाला की विसरंल.

६ फेब्रुवारी

केलं.

लिहिते सगळं, कारण कुणाला सांगायची सोय नाही. दुपारी जाऊ आली, होणाऱ्या सुनेचं ब्लाऊजपीस घेऊन. सुपारीला नेसवायच्या साडीवरचं. माझ्याच मशीनवर शिवून पाहिजे. माप दिलं, गळा सांगितला, काठ कुठं लावायचा ते सांगितलं. आणि उठता उठता म्हणाली —

"ताई, बाह्या आखूड ठेवा बरं का. आमच्या सुनंचं हात लई देखणं हायत."

माझ्या घरात. माझ्या मशीनपुढं. आतल्या खोलीत अर्पिता होती, तिनं ऐकलंच असणार. मी "बरं" म्हणाले. फक्त "बरं". दाराबाहेर तिच्या चपलांचा आवाज गेला तशी माझ्या अंगाची लाही लाही झाली. आता कसला पुरावा आणि कसलं काय! तोंडानंच सांगून गेली की बया!

ह्यांचा जुना फोन कपाटात आहे, जुन्या सिमसकट. त्यावर व्हॉट्सअप चालू केलं. मुलीच्या बापाचा नंबर पत्रिकेसाठी आमच्याकडं आलाच होता. फोटो टाकला. फाइल म्हणून नाही — साधा. आतलं सगळं खरवडून जाऊ दे. खाली लिहिलं, 'मुलाची संगत नीट बघून घ्या.' पाठवलं. सिम काढून ब्लाऊजच्या हुकांच्या डबीत टाकलं.

वाईट वाटलं नाही. उलट पोटात गार वाटलं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. दोनदा माझी लेक नाकारली लोकांनी. आता तू पण बस कपाळाला हात लावून!

तिच्या सुनेच्या बाह्या कापल्या. आखूडच ठेवल्या.

७ फेब्रुवारी

गजराआक्काचा फोन. "आलं गं, आलं! फाइल आली!"

जशीच्या तशी माझ्याकडं ढकलली तिनं. अनोळखी नंबर. अर्पिताचा मशीनवरचा फोटो, डाग, हसणं. मिरची, मिरची म्हणतच मी आतला रकाना उघडला.

मिरची नाही. अडकित्ता नाही, तंबाखू पण नाही.

'आई, मीच. वाशीला पण मीच पाठवला, सोलापूरला पण. ही फाइल फिरून तुझ्याकडंच येणार हे मला माहीत आहे. किती वेळा तोंडानं सांगायला आले, तू माप घेत बसलीस. डाग बघून जो हो म्हणंल त्याच्याच घरी मी जाणार. घरातल्या कुणाला बोल लावू नकोस, काकूला तर मुळीच नाही.'

डबीतून सिम काढलं. जुन्या फोनमध्ये घातलं. कालचा फोटो डिलीट करायला गेले.

फोटोखाली दोन बरोबरच्या खुणा. निळ्या.